अनुभव धागा: बेटावरच्या पायवाटा, तंबू आणि स्नॉर्कलिंग

मंडळी, अंदमान, लक्षद्वीप, मॉरिशस, हवाई अशा उष्ण समुद्रातल्या बेटांवर जाऊन आलेले आपल्यात बरेच जण आहेत आणि प्रवासवर्णनंही पुष्कळ झालीत, पण मला जरा वेगळं विचारायचंय. जंगलातून चालत किनाऱ्यावर उतरलात का, रात्री तंबूत झोपलात का, तोंडात नळी धरून प्रवाळ बघितलंत का? कसं जमवलंत, काय दिसलं, काय सांभाळावं लागतं ते अगदी सविस्तर लिहा. हॉटेलचे रिव्ह्यू इथे नकोत. आणि कुठल्या महिन्यात गेला होतात ते जरूर सांगा कारण पाण्याचा सगळा खेळ त्याच्यावर असतो.

सुरुवात मीच करते. अंदमान, फेब्रुवारी. हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून स्वराज द्वीप, पण बोटवालेसुद्धा हॅवलॉकच म्हणतात) एलिफंट बीच आहे, तिथे बहुतेक सगळे जेट्टीवरून स्पीडबोटीने जातात. आम्ही चालत गेलो. राधानगर बीचच्या रस्त्यावरून एक वाट आत वळते, साधारण दोन किलोमीटर असेल, पण ते दोन किलोमीटर इतके छान आहेत की बोटीने जाणाऱ्यांना काय चुकतंय ते त्यांना कळतच नाही. सुरुवातीला उंच उंच झाडं, बुंध्याला भिंतीसारखी पसरलेली मुळं, ऊन खाली पोचतच नाही, मग उतार संपतो आणि खारफुटीचा चिखल लागतो आणि त्या मुळांमधून चालत चालत एकदम समोर समुद्र. ओहोटीला गेलात तर हा शेवटचा भाग सोपा जातो, भरतीला तिथे पाणी चढतं. स्थानिक गाईड घ्याच. आमच्या दादांनी वाटेत इतकं दाखवलं की नुसतं आम्ही गेलो असतो तर निम्मंही दिसलं नसतं.

किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेली झाडं अजून पडून आहेत, पांढरी पडलेली. बोटी यायच्या आत, सकाळी लवकर पाण्यात उतरा. एकदा गर्दी झाली की लोक उभे राहतात, वाळू वर येते आणि मग नुसतं गढूळ. आम्हाला क्लाऊनफिश, पॅरटफिश, जांभळ्या काठाची एक मोठी शिंपली आणि भरपूर समुद्रकाकड्या दिसल्या. तिथे गाईड रबरी रिंग धरून आपल्याला ओढत नेतात, पोहता न येणाऱ्यांसाठी ते चांगलंच आहे, पण ज्यांना तरंगता येतं त्यांनी थोडा वेळ एकाच जागी शांत पडून राहावं. आपण हललो नाही की बिळात गेलेले मासे परत बाहेर येतात.

आता तुम्ही लिहा.

*

छान धागा. माझा अनुभव जॉली बॉयचा. वांडूरहून बोट सुटते, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं हे बेट (उद्यान १९८३ चं). नोव्हेंबर ते मे साधारण जॉली बॉय उघडं असतं आणि बाकीचे महिने रेड स्किन, म्हणजे आळीपाळीने एकेका बेटाला विश्रांती. मला ही पद्धत फार आवडली, आपल्याकडे किती ठिकाणी असं करायला हवंय! सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे ठरवा. प्लास्टिक अजिबात नेऊ देत नाहीत, जेट्टीवर पिशव्या तपासतात, पाण्याची बाटली डिपॉझिट भरून न्यायची आणि परत आणून दाखवायची. काही लोक कुरकुर करत होते पण बेटावर पाय ठेवल्यावर कारण आपोआप समजतं, एक कागद दिसत नाही.

पण प्रवाळाबद्दल खरं तेच लिहितो. उथळ भागात बरीच फांद्यांची पोवळी मेलेली आहेत, करडी पडलेली, वर शेवाळ. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र इतका तापला की प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, नंतर २०१६ लाही तसं झालं. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, रंगही त्याचाच आणि बहुतेक अन्नही तेच देतं, पाणी जास्त काळ तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, लवकर थंड झालं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. हे आधी वाचलेलं असूनही प्रत्यक्ष बघताना त्रास झाला. जरा खोल उताराकडे गेल्यावर मात्र मोठमोठे गोल दगडी प्रवाळ जिवंत होते, त्यांच्यावर माशांची ये-जा चालू होती. ही गोल प्रवाळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे जे माणसाएवढं उंच दिसतं ते आपल्या आजोबा-पणजोबांच्याही आधीचं. त्याच्यावर फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) टेकवून फोटो काढणारे बघितले की जीव तुटतो.

*

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. एक छोटी पण कामाची गोष्ट. मास्क घालून बघायची पद्धत: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा मास्क, पडला तर दुसरा मागा, पट्टा आवळून काही उपयोग नाही. केस कडेत अडकू देऊ नका, आणि दाट मिशा असतील तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतंच, तिथे थोडं व्हॅसलिन लावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब. नळीत पाणी आलं तर घाबरून डोकं वर काढू नका, जोरात फुंकर मारली की निघून जातं. हे सगळं मी मालवणला शिकलो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करतात तिथे. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं पण सरावाला उत्तम. पावसाळा संपून समुद्र निवळला की जा.

*

ट्रेकवाल्यांसाठी: सॅडल पीक. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ, ७३२ मीटर, अंदमान निकोबारमधलं सगळ्यात उंच शिखर. आकडा बघून सह्याद्रीत फिरणारे म्हणतील हे काय, कळसूबाई १६४६ आहे. पण इथे चढाई समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि दमटपणा असा की वारा नावाला नाही. वाट आधी किनाऱ्याने गोट्यांवरून जाते, ओढे लागतात, मग जंगलात शिरते आणि तिथून चढ सुरू होतो तो वरपर्यंत. जाऊन-येऊन पूर्ण दिवस. जानेवारीत गेलो होतो तरी शर्ट पिळून काढावा लागत होता. पाणी भरपूर घ्या, मीठ-साखर घ्या. ओलं असेल तर जवळ तंबाखूची पुरचुंडी किंवा मीठ ठेवा, जळवा असतात.

वनखात्याच्या चौकीत नोंद करून परवानगी घ्यावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंधार! घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, ९३ रेखांशावर, त्यामुळे सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला मावळतो. महाराष्ट्रातल्या सवयीने सकाळी नऊला निघालात तर परतीला जंगलात काळोख. आम्ही उजाडताच निघालो, तेच बरोबर होतं. वर ढग होते मधेमधे, पण ते सरकले की खाली झाडांचा हिरवा पसारा आणि त्याच्या पलीकडे पाणी, घर नाही, रस्ता नाही. तिथे बसून मला पहिल्यांदा वाटलं की ही बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे आहेत. भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं, पटलं तिथे.

खाली कालीपूरचा किनारा चुकवू नका. समुद्री कासवांच्या चार जाती तिथे अंडी घालायला येतात, वनखात्याची हॅचरी (अंडी उबवायची जागा) आहे. रात्री टॉर्च मारत फिरू नका, कासवं परत फिरतात. कर्मचारी सांगतील तेवढंच आणि तसंच बघा.

*

लक्षद्वीपबद्दल कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. इथे ट्रेक नाहीच, बेटं सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. पण तंबू आणि स्नॉर्कलिंग यासाठी माझ्या मते याला तोड नाही. परमिट आधी काढावं लागतं, भारतीयांनाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. अगत्तीला विमान उतरतं, तिथून बोटीने बंगारम आणि तिण्णकरा, दोन्ही एकाच लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं उथळ पाणी). आम्ही डिसेंबरात तिण्णकराला तंबूत राहिलो, घरातले सगळे, सासूबाईंसकट.

तंबूची जागा कशी निवडायची ते तिथल्या माणसांनी फार नीट दाखवलं. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची एक रेघ असते, तिथपर्यंत भरती येते, तंबू त्याच्या बराच वर. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं त्यामुळे आणखी वर. नारळाखाली कधीच नाही, कितीही सावली असली तरी! दोऱ्या बांधायला नारळ चालतो पण झोपायची जागा झावळी आणि नारळ पडेल त्याच्या बाहेर. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून पिशवीत वाळू भरून ती आडवी पुरायची आणि तिला दोरी बांधायची, वाऱ्यात हलत नाही. खरकटं बाहेर ठेवलं की शंखातले खेकडे रात्रभर खुडबुडतात. गोड पाणी या बेटांवर फार मोलाचं आहे, वाळूखाली समुद्राच्या पाण्यावर पावसाच्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो तेवढाच, त्यामुळे आंघोळ दोन तांब्यांत.

स्नॉर्कलिंगचं सांगायचं तर लगून मोठ्या ताटासारखं शांत, कंबरभर पाण्यातच मासे. सासूबाईंना पोहता येत नाही, लाईफ जॅकेट घालून, माझा हात धरून त्यांनी कासव बघितलं आणि मग पाण्याबाहेर यायलाच तयार नव्हत्या. रात्री चंद्र नव्हता तेव्हा पाण्यात हात फिरवला की निळे ठिपके चमकायचे, सूक्ष्म जीव असतात त्यांचा उजेड.

*

मी कौआईबद्दल लिहितो, हवाईतलं. कलालाऊ ट्रेल, ना पाली किनाऱ्याने, एका बाजूने ११ मैल म्हणजे साधारण १८ किलोमीटर. पहिल्या दोन मैलांवर हनाकापियाईचा किनारा, तिथपर्यंत दिवसाचे लोक जातात, पुढे जायला कॅम्पिंग परमिट लागतं आणि ते खूप आधी संपतं. पार्किंग किंवा शटलचं बुकिंगही आधी करावं लागतं. एप्रिल २०१८ मध्ये या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर २४ तासांत जवळपास ५० इंच पाऊस पडला, अमेरिकेतला विक्रम आहे तो, रस्ता खचला आणि ट्रेल वर्षभराहून जास्त बंद होती, त्यानंतर हे नियम कडक झाले.

तो आकडा माहीत असल्यामुळे ओढे ओलांडताना आम्ही फार जपून होतो. डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी बघता बघता वाढतं. परतीला एका ओढ्यापाशी पाणी गढूळ आणि वेगात दिसलं, आम्ही अलीकडेच थांबलो, पाणी उतरेपर्यंत. सोबतच्या एकाला विमान पकडायचं होतं, त्याची घालमेल चालली होती, तरीही थांबलो. ओढ्याचं पाणी उकळून किंवा नीट शुद्ध करूनच प्या, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) जंतू असतात. आणि हनाकापियाईच्या किनाऱ्यावर पोहू नका, ओढ खूप आहे.

स्नॉर्कलिंग हवाईतल्याच ओआहू बेटावर, हनाउमा बे इथे केलं. आधी एक फिल्म दाखवतात, प्रवाळावर उभं राहू नका वगैरे, ती बघितल्याशिवाय खाली सोडत नाहीत. सोमवार-मंगळवार बंद. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन हवाईत २०२१ पासून विकायला बंदी आहे, झिंक ऑक्साइडवालं घ्या. खरं तर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग सगळ्यात चांगलं, पोटावर तरंगताना पोटऱ्या आणि मानेची मागची बाजू भाजून निघते.

*

मॉरिशसचं थोडक्यात. ल मॉर्न ब्राबाँ, ५५६ मीटर, २००८ पासून जागतिक वारसा. पळून आलेले गुलाम या डोंगरात लपून राहायचे, ते ऐकून चढताना वाट वेगळीच वाटते. वरचा टप्पा खडकाचा आहे, हात वापरावे लागतात, पाऊस असेल तर जाऊ नका. वरून लगूनचा रंग दिसतो तो खालून कळत नाही. स्नॉर्कलिंग ब्लू बेला. आमचा गाईड तिथल्या मराठी कुटुंबातला निघाला, पिढ्यान् पिढ्या तिथेच, घरी गणपती बसतो म्हणाला. त्याच्याशी बोलता बोलता उतरण कधी संपली कळलं नाही.

*

अंदमानात मगरी असतात ना? ऐकून घरचे नको म्हणतायत. दोन मुलं आहेत, मोठा पोहतो, धाकटी नाही.

*

धागाकर्ती पुन्हा. हो, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक मुलीचा त्यात जीव गेला होता, लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच खाडीचं तोंड, खारफुटीलगतचं पाणी आणि जिथे पाटी लावलीय ती जागा पूर्ण टाळायची, तिन्हीसांजेनंतर पाण्यात नाही, आणि जिथे लाईफगार्ड व इतर लोक आहेत तिथेच उतरायचं. धाकटीला जॅकेट घालून आधी कंबरभर पाण्यात नुसतं मास्क लावून खाली बघू दे, नळी नंतर. नील बेटावर (शहीद द्वीप) भरतपूर बीच उथळ आहे, मुलांना तिथे न्या. नीलवरचाच नैसर्गिक दगडी पूल ओहोटीला चालत बघता येतो, खळग्यांत साचलेल्या पाण्यात इतके जीव असतात की मुलांना तेवढंच पुरे होईल, पायात जुने बूट हवेत. फक्त ओहोटीची वेळ तिथल्या तक्त्यात बघा, भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणायचा आपला कोकणातला हिशोब तिकडे लागू पडत नाही. शंख, पोवळ्याचे तुकडे मुलं खिशात घालतात, ते आधीच समजावून सांगा, प्रवाळ वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. कुठल्या महिन्यात निघताय? मेच्या मध्यानंतर पाऊस सुरू होतो, त्याआधीचं बघा.