सोसायटी अधिकृत ग्रुप (फक्त कामाचे मेसेज): गेटबाहेरची राँग साइड

*जोशी काकू ए-१०३:* आज सकाळी दूध घेऊन येत होते. आपल्याच गेटबाहेर फूटपाथवरून एक पांढरी कार उलट्या दिशेनं आली. आरसा माझ्या कोपराला लागून मिटला. साहेबांनी काच खाली केली, हात बाहेर काढून आरसा सरळ केला आणि गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेवर स्टिकर आपल्याच सोसायटीचं. नाव घेत नाही.

*प्राजक्ता सी-२०४:* अरे देवा. काकू, फार लागलं का?

*जोशी काकू ए-१०३:* काळंनिळं झालंय. दुधाची पिशवी वाचली.

*कानिटकर ए-३०२:* गेट नं. २ उघडा. मागच्या गल्लीतून थेट सिग्नलला निघता येतं. राँग साइडचा प्रश्नच मिटेल.

*निखिल बी-५०१:* काकू, झालं ते वाईटच. पण दुभाजकातलं पंक्चर (गाडी वळवायची मोकळी जागा) बंद केल्यापासून डावीकडून केवढा वळसा पडतो ते ऑफिसला जाणाऱ्यांना विचारा. सगळेच तसे जातात. एकालाच टार्गेट करू नये.

*प्राजक्ता सी-२०४:* काकूंनी नाव घेतलंच नव्हतं 😄

*निखिल बी-५०१:* मी जनरल बोलतोय.

*भिडे काका बी-१०१:* फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलंय, म्हणून कृपया वाचावे. २०१७ च्या मोटर वाहन (ड्रायव्हिंग) नियमांत स्पष्ट आहे की पादचारी, सायकलवाले, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांची चालकाने विशेष काळजी घ्यायची. सिग्नल नसलेल्या झेब्रावर माणूस उतरला की आधी त्याचा हक्क, गाडीने थांबायचं. आपण उलट हॉर्न मारून त्याला पळवतो. फूटपाथ आणि सायकल ट्रॅकवर तर गाडी घालायचीच नसते. 'वळसा पडतो' ही सवलत मला त्यात कुठे सापडली नाही.

*शिरीष डी-४०३:* काका, नियम दोन्ही बाजूंना असतात ना? मॉर्निंग वॉकवाले चौघं चौघं ओळीत रस्त्यावरून चालतात. हॉर्न दिला तर वळून असं बघतात की जणू आम्हीच त्यांच्या दिवाणखान्यात शिरलो.

*जोशी काकू ए-१०३:* मी फूटपाथवर होते, शिरीष.

*भिडे काका बी-१०१:* आणि रस्त्यावर का उतरतात तेही बघा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे विजेचा डीपी बॉक्स, चहाची टपरी आणि बी विंगच्या पाहुण्यांच्या गाड्या वजा केल्यावर काय उरतं ते मोजून या.

*निखिल बी-५०१:* बी विंग मध्ये कुठून आली?

*कानिटकर ए-३०२:* गेट नं. २.

*आदित्य सी-६०२:* मी रोज सायकलवर ऑफिसला जातो. सर्वांत जास्त भीती बसची नाही, आपल्या गेटची वाटते. गाड्या नाक बाहेर काढून मग बघतात, तेही फक्त उजवीकडे. आणि कार थांबल्यावर दार उघडण्याआधी आरशात बघा, प्लीज. सायकलींचं शहर म्हणे आपलं.

*शिरीष डी-४०३:* सायकलवाले सिग्नल पाळतात का ते पण लिही. आणि मागे लाल दिवा?

*आदित्य सी-६०२:* माझ्या सायकलला आहे. तुमच्या गाडीच्या ब्रेकलाइटचं बघा, डावा महिनाभर बंद आहे.

*प्राजक्ता सी-२०४:* 😂😂

*भिडे काका बी-१०१:* विषय निघालाच आहे तर, डी विंगमधला एक नववीतला मुलगा क्लासला ॲक्टिव्हा घेऊन जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. प्रेमाने सांगतो आहे.

*शिरीष डी-४०३:* तुमचं प्रेम समजलं काका. क्लास लांब आहे, पीएमपीची बस वेळेवर येत नाही. तुम्ही सोडणार का?

*मंजिरी ए-५०४:* ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, तेव्हा फोटो टाकायला सगळे पुढे होते. आपल्या गेटवर एक पाटी लावा: 'येथून बाहेर पडणाऱ्या वाहनचालकांस: समोरून चालत येणारी व्यक्ती आपली सासू असू शकते.'

*निखिल बी-५०१:* मग तर लोक अजून जोरात घालतील 🙏

*मंजिरी ए-५०४:* निखिल, तुझी बायको या ग्रुपवर आहे.

*देशमुख (सेक्रेटरी):* नमस्कार. सर्वांनी शिस्त पाळावी ही विनंती. बंपरसाठी (गतिरोधकासाठी) कोटेशन मागवले आहे. बी आणि सी विंगची मेंटेनन्सची थकबाकी आली की काम सुरू करता येईल.

*आदित्य सी-६०२:* बंपर गेटच्या आत. धडक गेटच्या बाहेर.

*कानिटकर ए-३०२:* गेट नं. २ उघडा. मागच्या गल्लीतून थेट सिग्नल. आजचा हा तिसरा मेसेज.

*प्राजक्ता सी-२०४:* कानिटकर काकांना कुणीतरी उत्तर द्या ना. गेट नं. २ बंद का आहे?

*देशमुख (सेक्रेटरी):* सुरक्षेच्या कारणास्तव.

*कानिटकर ए-३०२:* गेट नं. २ समोर आतल्या बाजूला कव्हर घातलेली एक गाडी दिवाळीपासून उभी आहे. सुरक्षेच्या कारणास्तव.

*देशमुख (सेक्रेटरी):* ती मेहुण्याची आहे. बॅटरी उतरली आहे.

*आदित्य सी-६०२:* माझ्याकडे जंपर केबल आहे. नाहीतर चौघं मिळून ढकलू.

*जोशी काकू ए-१०३:* कोपर बरं असतं तर मीही आले असते.

*देशमुख (सेक्रेटरी):* ठीक आहे. रविवारी हलवतो. सकाळी आठ ते दहा गेट नं. २ उघडं राहील, वॉचमनला सांगतो. मग डी विंगने खिडकीखालून गाड्या जातात म्हणून तक्रार करू नये.

*शिरीष डी-४०३:* करणार.