वडोदऱ्यात झाडे आणि पक्षी पाहण्यासाठी कोठे जावे?

प्रश्न : डिसेंबरअखेरीस आम्ही वयस्कर आईवडिलांना घेऊन पुण्याहून वडोदऱ्यास येत आहोत. राजवाडा पाहणारच आहोत. झाडे आणि पक्षी यांसाठीही दोन सकाळी राखून ठेवल्या आहेत. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १ : एक सकाळ सयाजीबागेला द्यावी, जिला जुनी मंडळी आजही कमाटीबागच म्हणतात. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी ती उभारली. आत प्राणिसंग्रहालय व वस्तुसंग्रहालयही आहे, परंतु आईवडील सोबत असताना सगळे एका फेरीत उरकण्याचा अट्टहास नको. नदीत मगरी आहेत, म्हणून त्या पुलावरूनच पाहाव्यात. काठावर उतरू नये.

प्रतिसाद २ : दुसरी सकाळ डभोई तालुक्यातील वढवाणा तलावासाठी ठेवावी. बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेल्या या जलाशयाला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला असून, मध्य आशियाई स्थलांतरमार्गाने येणारी बदके हिवाळ्यात तेथे मुक्कामास असतात. माझ्या मते बागेपेक्षा हेच पाहणे अधिक मोलाचे. दुर्बीण अवश्य न्यावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वढवाण्याला उजाडताच पोहोचावे का?

प्रतिसाद २ : होय, ऊन चढण्यापूर्वी, मात्र आईवडिलांसाठी गरम कपडे घ्यावेत, कारण पाण्यावरचा वारा पहाटे बोचतो.