पहिलं वेबपेज कॉलेजात कसं केलंत? आठवणी सांगा

सुरंगी
शाकारणी आटोपली की माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायच्या, हे आमच्याकडे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीचं काम. परवा एका ट्रंकेत माझं २००२ सालचं प्रॅक्टिकलचं जर्नल मिळालं. रत्नागिरीला एफवायला होते तेव्हाचं. वेब डिझायनिंगची ओळख असा एक पेपर होता, आठवड्याला दोन प्रॅक्टिकल. बरोबरच्या फ्लॉप्यांना बुरशी धरलीय, पण जर्नल शाबूत आहे.

उजवीकडच्या रेघांच्या पानावर निळ्या शाईत कोड, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आउटपुट. तेव्हा रंगीत प्रिंट कोण देणार? म्हणून पडद्यावर दिसलं ते हाताने काढायचं. टेबल काढलं, लिंकखाली रेघ मारली. मग मार्की टॅग आला, म्हणजे अक्षरं सरकवणारी कोडातली खूण. सरकणारी अक्षरं कागदावर कशी काढायची? मी 'सुस्वागतम्' लिहून त्याच्यापुढे डावीकडे जाणारा बाण काढलाय आणि सरांनी त्या बाणावर लाल टिक केलीय. ते पान बघून मी तिथेच ट्रंकेवर बसले.

त्याच संध्याकाळी लेक लॅपटॉप घेऊन आली. ती आता एफवायला आहे, तिलाही हाच विषय. "आई, फोटो दिसत नाही मैत्रिणीकडे, माझ्याकडे दिसतो." बघितलं तर फोटोचा पत्ता तिच्या सी ड्राइव्हवरच्या डेस्कटॉपचा. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर तो डेस्कटॉप कुठून येणार? मी जर्नल उघडून दाखवलं. पान ११, हीच चूक, लाल शाईत गोल.

तुमचं पहिलं पान कसं झालं? कुठे केलंत, काय होतं त्यावर, कोणी बघितलं? जे आठवेल ते लिहा.

खाडीकाठ
इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी!!!
पूर्ण एक प्रॅक्टिकल गेलं माझं. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खालच्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडायचं राहिलं की नोटपॅड शेपूट जोडतं, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. ब्राउझरमध्ये उघडलं की पान नाही, कोडच दिसतो. आमचे लॅब असिस्टंट प्रत्येक खुर्चीमागे येऊन तेवढंच बघायचे.

रातांबा
आमच्या सरांचो एकच प्रश्न, "टॅग बंद केलंस मां?" बोल्ड उघडून बंद नाय केलो तर खालचा सगळा पान जाड. कुडाळात शिकलंय मी. आजपण घरात कोणी दार उघडा टाकून गेलो तर तोंडातून ताच येता.

खाडीकाठ
@रातांबा 😂 आमच्याकडे हे वाक्य फ्रिजला लावायला हवं

बोटीवाल्याची लेक
लिहू की नको करत होते. लिहितेच, भाकऱ्या झाल्यात.

बाबा बोटीवर होते. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. मी २००३ ला कॉलेजात पान केलं, वर 'आमचे घर' आणि खाली एकच फोटो. दिवाळीत खळ्यात काढलेला, आई, आजी, भाऊ, मी. स्टुडिओतून आलेला फोटो लॅबमध्ये स्कॅन केला आणि बीएमपीमध्ये सेव्ह झाला. बीएमपी आणि जेपेग या फोटो साठवायच्या दोन प्रकारांतला फरक मला माहीत नव्हता. ८०० बाय ६००, फ्लॉपीत जेमतेम मावला. दापोलीच्या सायबर कॅफेतून चढवला, तासाला ३० रुपये, दोन तास गेले. बाबांचा फोन आला तेव्हा पत्ता एकेक अक्षर करून सांगितला, तिरकी रेघ कुठली तेही.

बाबांनी कुठल्याशा बंदरावर खलाशांच्या क्लबात पैसे भरून पंधरा मिनिटं घेतली. फोटो खालून वर उघडत गेला. आधी सारवलेलं खळं. मग रांगोळी. भावाच्या चपला. आजीच्या काठीचं टोक. आईच्या साडीचे काठ. कमरेपर्यंत आला आणि वेळ संपली. मागे माणसं उभी होती.

घरी आल्यावर म्हणाले, "साडी ओळखली मी. गणपतीला घेतलेली ती."

पुढच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी तोच फोटो जेपेग करून दाखवला, ७० केबीच्या आसपास. मी रडले होते लॅबमध्ये. तेव्हापासून एकही जड फोटो कुठे चढवला नाही, आज माझा हाच व्यवसाय आहे आणि ग्राहक फोटो पाठवतात तेव्हा आधी साइज बघते.

पडवी
😢 काय लिहिलंयस गो

कातळसडा
बोटीवाल्याची लेक, खालून वर का उघडला याचं कारण आहे. बीएमपी फाइलमध्ये चित्राच्या ओळी सहसा तळापासून साठवलेल्या असतात, सगळ्यात खालची ओळ आधी. त्यामुळे जशी फाइल येत जाते तसं चित्र पायाकडून चढतं. आणि वजन कुठलं, तर ८०० गुणिले ६०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे १४ लाख ४० हजार बाइट. फ्लॉपीत १४ लाख ५७ हजार ६६४ मावतात. म्हणून जेमतेम. जेपेग असता तर वरून उतरला असता, आणि पंधरा मिनिटांत सगळे चेहरे दिसले असते.

बोटीवाल्याची लेक
२२ वर्षांहून जास्त झाली, मला वाटायचं तिथला कॉम्प्युटर बिघडलेला असेल. बाबांना सांगते आज. खरंच आभार.

कुळीथपिठी
आमच्याकडे वीज. सकाळी साडेआठचं प्रॅक्टिकल आणि भारनियमन पण तेव्हाच. यूपीएस फक्त सरांच्या मशीनला. दहा ओळी झाल्या की कंट्रोल एस, दहा ओळी झाल्या की कंट्रोल एस. आणि वळवाचा पाऊस आला की शिपाईदादा पळत येऊन टेलिफोनची वायर भिंतीतून उपटायचे, विजेने मॉडेम जायचा ना. दोन गेले होते आधी. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये इंटरनेट आभाळ बघून. आज पण गडगडायला लागलंय, पापड आत घेते आणि येते.

रातांबा
फणसाचे की पोह्याचे?

कुळीथपिठी
फणसाचे. ४०० झाले यंदा. फणस खूप धरलाय

पडवी
आमचे अजून कापेच आहेत, पापडाला बरका बरा का कापा?

कुळीथपिठी
कापाच, कच्चा. वेगळं बोलू, इथे विषय दुसरा आहे सुरंगीताई ओरडेल

सुरंगी
ओरडत नाही, वाचतेय. मलाही हवेत दोन डझन.

पडवी
माझं मराठी फॉन्टचं दुखणं. आईच्या रेसिप्या टाकल्या होत्या, घावणे, सांदणं, शिरवाळे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. लॅबमध्ये छान मराठी दिसायचं. ठाण्याच्या मावशीने उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तिला वाटलं मी पासवर्ड पाठवलाय.

तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फाइलमध्ये इंग्रजीच, आकार तेवढा मराठी. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मराठी गेलं. शेवटी मी प्रत्येक रेसिपीचं चित्र केलं आणि चित्रं लावली. पान उघडायला जन्म जायचा, आणि शोधून सापडणार तरी कसं, त्यात अक्षरच नाही!

मग युनिकोड आलं हाताशी, मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक, विंडोज एक्सपीवर. केवढा आनंद. पण नोटपॅडने एन्सी या जुन्या, मराठी न मावणाऱ्या पद्धतीत सेव्ह केलं आणि सगळ्या पातोळ्यांची प्रश्नचिन्हं झाली, मूळ फाइलच गेली. सेव्ह करताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडायची आणि वर मेटा टॅगमध्ये तेच लिहायचं, हे शिकायला मला तीन वर्षं लागली, कारण पुस्तकात मराठीसाठी एक ओळसुद्धा नव्हती. आता २०१९ नंतरचं नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ घेतं. आपली भाषा पानावर उमटावी यासाठी एवढी धडपड करावी लागली, ह्याचा मला अजून राग आहे. आईने त्या रेसिप्या मला दुसऱ्यांदा सांगितल्या त्या निम्म्याच, बाकीच्या तिलाही आठवेनात.

वाशिष्ठी
चिपळूण. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची लॅब. तळमजला होता. सीपीयू उघडले की आत चिखलाचा थर, माउसच्या गोळीत वाळू. आम्ही पोरांनी बादल्यांनी धुतलंय सगळं. सीड्या घासून पुसून बघितल्या, नाही चालल्या.

माझा प्रोजेक्ट मात्र वाचला. मी तो आदल्या महिन्यात फुकटच्या होस्टिंगवर, म्हणजे पानं इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर, चढवला होता, हौस म्हणून. दुसऱ्या गावी जाऊन ब्राउझरमधून पान न् पान परत सेव्ह केलं. प्रकाशित केलेलं म्हणून उरलं. मित्राचा फक्त कॉम्प्युटरवर होता, त्याला नव्याने करायला लागला, मी रात्रभर टाइप करत बसलो त्याच्याबरोबर.

ती सेवा पण पुढे बंद झाली म्हणा. मेल आलेला आधी, वाचला नाही.

कातळसडा
२१ च्या पुरात पण गेलं असेल ना बरंच?

वाशिष्ठी
२२ जुलै २०२१. त्याबद्दल आत्ता नको.

कातळसडा
बरं. काळजी घ्या.

फळाफुल
मी शिकवते. सिंधुदुर्गात, पंधरा वर्षं हाच पेपर. नाव कॉलेजचं सांगत नाही.

पहिल्या तासाला मी एकच गोष्ट सांगते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यावर पैसे मागितले नाहीत, म्हणून आमच्या वाडीतला पोरगा आज कोणाची परवानगी न घेता पान लिहू शकतो. मुलं ऐकतात. मग विचारतात, मॅडम वायफायचा पासवर्ड काय.

आताची अडचण वेगळी आहे. मुलं हुशार आहेत, पण फोनवर वाढलीत. फाइल कुठे आहे हा प्रश्नच त्यांना कधी पडलेला नसतो, गॅलरीत असते! त्यामुळे फोल्डर, फोल्डरातलं फोल्डर, तिथला पत्ता, हे आधी शिकवावं लागतं. मी घराचंच उदाहरण देते. तू माजघरात आहेस, पाटा मागच्या पडवीत आहे. बाहेरच्या माणसाला सांगताना गावापासून पत्ता दे, घरातल्याला 'मागच्या पडवीत' एवढं पुरे. सापेक्ष पत्ता कळला की निम्मं काम झालं. मग लहान-मोठी अक्षरं. विंडोजला गणपती नावाची फाइल कशीही लिहा चालते, पान जिथून जगाला दिसतं ते सर्व्हर बहुतेक लिनक्स प्रणालीवर असतात, तिथे मोठा 'जी' आणि छोटा 'जी' दोन वेगळ्या फाइली. घरी दिसतो, चढवला की गणपती गायब. दरवर्षी तीन-चार जणांचा जातो.

आणि कृपा करून पोरांना एआयला सांगून अख्खं पान करून घेऊ देऊ नका पहिल्या सेमिस्टरला. करतंय ते छानच. पण बिघडलं की कुठे बघायचं हे मग कोण सांगणार? मला त्याची फार काळजी वाटते.

सुरंगी
माजघर-पडवीचं उदाहरण लेकीला वाचून दाखवलं. एका दमात समजलं तिला.

मांडवी१०१
(आमच्या गाडीचं नाव घेतलंय 🙂) आम्ही गावाची साइट केली होती प्रोजेक्ट म्हणून. शिमग्याला पालखी कुठल्या वाडीत कधी, एवढंच मुख्य. लालबाग-परळचे चाकरमानी रजा टाकायच्या आधी बघायचे, रेल्वेचं बुकिंग त्यावरून. पहिल्या वर्षी होळीनंतरच्या दोन तारखा मी उलटसुलट टाकल्या आणि एक घर चुकीच्या दिवशी आलं, गाडीभर माणसं. काका काही बोलले नाहीत, पण तेव्हा कळलं की लोक हे खरं मानून घराबाहेर पडतात. त्यानंतर गुरव आणि मानकऱ्यांना दाखवल्याशिवाय तारीख टाकली नाही.

सात वर्षं चालली. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दरवर्षी नव्याने भरावं लागतं, त्याची सूचना माझ्या कॉलेजच्या मेलवर यायची आणि तो मेल बंद झालेला. एक दिवस उघडली तर दुसऱ्याच कोणाची जाहिरात. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतं, गेल्या वर्षीचंही त्यातच फिरतं आणि गोंधळ होतो.

खाडीकाठ
परत कर ना. गिटहब या साइटवर पान फुकट ठेवता येतं, डोमेन नसलं तरी चालेल

मांडवी१०१
करायला हवी. पोरगा दहावीला आहे, त्याला घेऊन बसतो.

नारळीपाक
मी आत्ता शिकतोय एफवायला, वेंगुर्ला. लॅपटॉप नाही, फोनवरच कोड करतो, बसमध्ये. काकांच्या होमस्टेचं पान केलं, फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, मग पान फोनच्या रुंदीला बसवणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ घातली आणि सगळं बरोबर झालं. एका ओळीत! काकांनी फोन लांब धरून वाचलं आणि म्हणाले आता चष्मा नको. दोन फोन आले पान बघून, एक पुण्याचा.

रातांबा
शाबास रे. दर किती ठेवलो काकांनी?

फळाफुल
नारळीपाक, पानावर फोटो असतील तर प्रत्येकाला ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिही. फोटो आला नाही तर निदान 'खळ्यात उभी असलेली आई' एवढं तरी वाचता येतं. अंध माणसांना तर तेवढंच मिळतं.

बोटीवाल्याची लेक
❤️ हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर.

कुळीथपिठी
आले परत. पाऊस आलाच नाही, नुसता वारा. काय काय झालं एवढ्यात?

सुरंगी
सगळं वाचून काढ, सावकाश.

आज दुपारी मी आणि लेकीने जर्नलमधलं शेवटचं प्रॅक्टिकल जसंच्या तसं टाइप केलं. ती वाचत होती, मी टाइप करत होते, 'सेंटर' टॅग ऐकून म्हणाली हे आता चालत नाही, सर मार्क कापतात. म्हटलं तू वाच. उघडलं. निळी पार्श्वभूमी आली, टेबल आलं, मधोमध आलं. 'सुस्वागतम्' उजवीकडून निघालं आणि डावीकडे गेलं, आजच्या ब्राउझरमध्ये. ब्लिंक टॅगमधलं माझं नाव मात्र उघडझाप करत नाही, तो टॅग सगळ्या ब्राउझरनी काढून टाकलाय, नुसतं उभं आहे.

लेकीने त्या पेन्सिलच्या बाणाचा आणि लाल टिकेचा फोटो काढून तिच्या असाइनमेंटच्या पानावर लावलाय. मैत्रिणीकडेही दिसतोय.

बोटीवाल्याची लेक
लिंक पाठव ना. बाबा इथेच बसलेत झोपाळ्यावर, त्यांना बघायचंय.