चौघं, दोन स्कूटर, एक रविवार: बीच नको, गाव सांगा

फोंडेकर:
पुण्याहून दोन मित्र येताहेत, आम्ही दोघं इथलेच. कळंगुट-बागा त्यांचं दोनदा झालंय. दूधसागरला मी मेलो तरी जाणार नाही, गेल्या खेपेला अर्धा दिवस जीपच्या रांगेत गेला. लहान गावं हवीत, टपरीवर निवांत बसता येईल आणि काहीतरी बघायलाही मिळेल अशी. डोक्यात चांदर, केपे, रिवण, दिवाडी, डिचोली सगळंच आहे. सकाळी सातला फोंड्याहून निघालो तर किती जमेल?

डिचोलीची माहेरवाशीण:
सगळं जमणार नाही रे बाबा. चांदर-रिवण एका टोकाला, डिचोली दुसऱ्या. एक नदी धर. मी म्हणेन मांडवी.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलास की धक्का. स्कूटर फेरीबोटीत घाला, पलीकडे दिवाडी. पियेदादच्या टेकडीवरची इगर्जी, म्हणजे चर्च, बघा, पण रविवारी सकाळी मीस (प्रार्थना) असतं, तेवढं सांभाळून. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. सप्तकोटीश्वर मूळचा इथला, कदंब राजांचा देव. राजे बिरुदातच त्याचं नाव मिरवायचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं आणि देव नदीपलीकडे गेला. तुम्हीही तसेच जा, तिथून दुसरी फेरी आहे. पलीकडच्या गावाचं नावही नार्वेच, मॅपवर फसू नका.

पलीकडचं ते देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलं, दारावर शिलालेख आहे. पुण्याच्या मंडळींना तिथून हलवायला वेळ लागेल, हिशेबात धर.

जेवण डिचोलीत, पण दोनच्या आत! रविवारी दुपारी आमचं गाव झोपतं. एकदा भाच्यांना घेऊन सव्वातीनला पोचले, सगळीकडे शटर खाली. शेवटी गाड्यावरची केळी आणि डब्यातल्या चकल्या. धाकटा अजून टोमणे मारतो. उन्हं उतरली की साखळीजवळ हरवळे. जांभ्यात कोरलेली लेणी, पाच खण, म्हणून पांडवांची म्हणतात. धबधबा शेजारीच, मे महिन्यात मात्र त्याच्याकडून अपेक्षा नको.

केपेकार:
देवळं, इगर्जी कुठंही मिळतील हो. रिवणच्या पुढं उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या कातळात कोरलेले बैल, हरणं, नाचणाऱ्या बायका आहेत, शिवाय एक मोठं गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये जगाला कळलं. भर दुपारी जाल तर नुसता कातळ दिसेल. मी पहिल्यांदा बाराला गेलो आणि कंटाळून म्हटलं, इथं तर काहीच नाही. गुरं घेऊन चाललेला म्हातारा म्हणाला, "बाबा, बैलाच्या पाठीवरून उतर आधी." तिरप्या उन्हात जा, रेघांत सावली भरते. पावसाळ्यात नको, नदी वर चढते.

फोंडेकर:
केपेकार, बैल डिसेंबरात, नक्की. या रविवारी मांडवी. ताई, एकच शंका: हरवळ्यात अंधार पडला तर परतीची फेरी मिळेल?

डिचोलीची माहेरवाशीण:
फेरी कशाला? साखळीहून होंडा, उसगाव, खांडेपार करत सरळ फोंड्यात. फक्त स्कूटरचे दिवे आधी बघून घे.