बाळाची नजर घाबरलेल्या चेहऱ्यावरच खिळते. माझ्या नैराश्यामुळे असेल का?

नमस्कार. माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. ती दीड महिन्याची असताना मला बाळंतपणानंतरचं नैराश्य असल्याचं निदान झालं. नैराश्य तपासण्यासाठीची १० प्रश्नांची ती एडिंबरा प्रश्नावली भरतानाच मला रडू फुटलं होतं. औषधं आणि समुपदेशन चालू आहे, आता बरीच सावरले आहे.

पण मधले तीन महिने डोक्यातून जात नाहीत. दूध पाजणं, लंगोट बदलणं, झोपवणं सगळं करत होते. चेहरा मात्र कोरा. ती हुंकार द्यायची, मी नुसती बघत राहायचे. पुढे पुढे तीच मान वळवून भिंतीकडे बघायला लागली. नंतर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८च्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्यात आई थोडा वेळ मुद्दाम निर्विकार चेहऱ्याने बसते. बाळ आधी हसून, हात हलवून तिला बोलावतं आणि शेवटी तोंड फिरवतं. तिथे काही मिनिटांचा प्रश्न होता, माझ्याकडे तीन महिने गेले.

आता चेहऱ्यांच्या चित्रांचं पुस्तक दाखवलं की हसऱ्या चेहऱ्यावरून तिची नजर पटकन सरकते आणि घाबरलेल्या चेहऱ्यावर थांबून राहते. सात महिन्यांच्या आसपास पुष्कळ बाळांचं असं होतं, आई ठणठणीत असली तरी, असंही वाचनात आलं. म्हणजे हे वयाचं असू शकतं. तरी मन मानत नाही.

बाकी ती बाबाकडे बघून खळखळून हसते, ओळखीचा आवाज आला की वळते. माझ्याकडे बघून हसते, पण आधी क्षणभर माझा चेहरा निरखते. तो क्षण मला फार लागतो.

ज्यांनी हे अनुभवलंय किंवा जे बालविकासात काम करतात त्यांना विचारते: वयाचा भाग आणि माझ्या आजाराचा परिणाम घरच्या घरी वेगळा ओळखता येतो का? दाखवायचं तर बालरोगतज्ज्ञांना की बालविकासतज्ज्ञांना? आणि ज्या दिवशी मला हसू येतच नाही, त्या दिवशी ओढूनताणून हसावं, की तिला बाबाकडे देऊन थोडं बाजूला व्हावं?

‘काळजी करू नकोस’ असं घरचे रोज सांगतात. कृपया काय करून बघितलंत ते लिहा.