शब्दचर्चा : 'इनकल्चरेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

गोराईकर :
आमच्या पॅरिशच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाच्या) स्मरणिकेसाठी एका इंग्लिश लेखाचा अनुवाद करतोय, त्यात इनकल्चरेशन हा शब्द पानोपानी आहे. म्हणजे चर्च ज्या समाजात जातं तिथली भाषा, गाणी, कपडे, सणवार आपलेसे करतं आणि ते करताना स्वतःही बदलतं, ते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ च्या पत्रात वापरला तेव्हापासून चर्चमध्ये तो फार चालतो. मी सरळ 'संस्कृतीकरण' लिहिलं, आणि फादरनी त्याखाली लाल रेघ मारून कागद परत दिला. काय चुकलं असेल?

शब्दवेडी, रत्नागिरी :
फादरांचं बरोबर आहे. तो शब्द आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे हो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी जे मांडलं, की खालची मानलेली जात वरच्या जातीचे आचार उचलते, त्याला मराठीत संस्कृतीकरण म्हणतात. पण गंमत म्हणजे चर्चच्या इतिहासात कधीकधी नेमकं तेच झालंय. रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट धर्मप्रचारक १६०६ मध्ये मदुराईला गेला, संन्याशाचा वेष घेतला, मांस सोडलं, संस्कृत शिकला, आणि परवर मच्छीमार तर आधीपासूनच ख्रिस्ती होते, त्यांच्यापासून मात्र लांब राहिला. म्हणजे इथली संस्कृती म्हणजे ब्राह्मणांची, असं धरूनच चालला ना तो! मच्छीमारांना काय संस्कृती नव्हती? मला हे फार लागतं.
उलट आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले ना. वा. टिळक बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, भजनं लिहिली, जे वारकऱ्याच्या कानाला ओळखीचं तेच उचललं. याला मी 'रुजणं' म्हणेन.

वेंगुर्लेकर :
ताई, रुजणं नको. रुजतं ते बी, जागच्या जागी. चर्च इथे आलं ते तरव्यासारखं, दुसरीकडे वाढलेलं रोप उपटून आणून चिखलात लावलेलं. ज्यांनी लावणी केलीय त्यांना ठाऊक आहे, पहिले आठ-दहा दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं, आणि मग एक दिवस हिरवं दिसायला लागतं, तेव्हा आपण म्हणतो मूळ धरलं. 'मूळ धरणं' हाच शब्द.
आणि मूळ धरू न देणारे पण होते हे विसरू नका. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, १७३६ च्या हुकुमात ख्रिस्ती लोकांना लग्नात ओव्या गायला, तुळस लावायला, धोतर नेसायला बंदी घातली. कागदावर बंदी, आणि तरी आमच्या आजीच्या तोंडी हळदीची गाणी होतीच. शब्दही तसेच, इगर्ज (चर्च), मीस (चर्चमधली प्रार्थना), फेस्त (सण), नाताळ, सगळे पोर्तुगीजातून आलेले, पण आजीला कोणी सांगितलं असतं की इगर्ज परदेशी शब्द आहे तर तिने ऐकूनच घेतलं नसतं.

गोराईकर :
वेंगुर्लेकर, तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे हे दरवर्षी डोळ्यासमोर होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात. गेल्या वर्षी माझ्या आत्याने लोंबी घरी आणून लाल दोऱ्याने दारावर बांधली, दोन दाणे गळून उंबऱ्यावर पडले तर ते उचलून डोळ्यांना लावले. तिला हे कोणी शिकवलं नाही. लग्नात उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात तेही तसंच, बायकांनीच चालू ठेवलेलं.
लेखात मात्र भारतातल्या चर्चच्या उपासनेसाठीची १९६९ ची बाराकलमी यादी जास्त आहे, रोमने परवानगी दिलेली, मेणबत्तीऐवजी समई, पंचांग प्रणाम, आरती, जमिनीवर बसणं वगैरे. ते वाईट नाही, मला स्वतःला समई आवडते. पण ते वरून आलं, आणि बऱ्याच जणांना ते आपलं वाटलं नाही, उगाच देवळाची नक्कल वाटली.

शब्दवेडी, रत्नागिरी :
मग दोन शब्द घ्या ना. 'करण' लागलं की करणारा कोणीतरी असतो, 'धरणं' आपोआप होतं.

गोराईकर :
तेच करतोय. १९६९ च्या परिच्छेदात 'अनुकूलन' ठेवलंय, आगेऱ्याच्या परिच्छेदात 'मूळ धरणं'. उद्या फादरना दाखवतो, आणि आत्याला पण वाचून दाखवणार आहे.