गावाकडचं घर: फुटाचा भाव सांगावा की सांगू नये?

ओळंबा (इंदूर):
अकरा वर्षं झाली, इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत घरं बांधतोय. वर्षाला तीन, फार तर चार. सिमरोल, चोरल, मानपूर, देपालपूर. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, इंदूरचं मराठी. आयुष्य रामबागेत नाहीतर लोकमान्यनगरात गेलं, आता शेतावर दोन खोल्या आणि ओसरी हवी. पहिल्या फोनला प्रश्न ठरलेला: "फुटाला काय घेता?"

यंदापासून मी फुटाचा, म्हणजे चौरस फुटामागे ठरलेला, भाव देणं बंद केलंय. जो खर्च येईल तो, बिलं तुमच्यासमोर, त्यावर माझे बारा टक्के.

कारण सांगतो. देपालपूरकडे एक काम फुटाच्या भावाने घेतलं होतं. पाया चार फूट खोल धरला. खणायला लागलो तर काळी माती संपेचना, मुरूम (खालचा कडक थर) लागला नऊ फुटांवर. काळी माती काय करते ते माळव्यात वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि पावसात तीच फुगून भिंत उचलते. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: पाच फूट मातीच्या पोटात तसंच सोडून द्यायचं, कोणाला दिसलं नसतं; नाहीतर खिशातून भरायचं. मी भरलं. पण दरवेळी भरणं जमणार नाही, आणि सोडून देणारे किती आहेत हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पेन्शनर६२:
तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण खर्चावर बारा टक्के म्हणजे खर्च वाढला की तुमची कमाई वाढली. मग महागडी टाइल सुचवताना तुमची जीभ का अडखळेल? बँकेत बत्तीस वर्षं हेच पाहिलं, कमिशन ज्यावर मिळतं तेच विकलं जातं. माझ्याकडे ग्रॅच्युइटीची ठरावीक रक्कम आहे. ती संपली तेव्हा घराला छत नसेल, तर तुमची बिलं पारदर्शक होती म्हणून मी त्यांच्याखाली झोपू का?

ओळंबा:
टक्केवारीला तो वास येतो, कबूल. टाइल मात्र मी सुचवत नाही, ती वहिनीच निवडतात.

स्लॅबखालचा (स्ट्रक्चरल इंजिनियर):
राग मानू नका, पण देपालपूरला चूक भावाची नव्हती, तुमची होती. भाव सांगण्याआधी खड्डा का नाही घेतला? जेसीबीचा तासाभराचा खेळ आहे. प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे घेतले की काळी किती, मुरूम कुठे आणि त्याखाली फत्तर कुठे, सगळं डोळ्यांना दिसतं. माती खोल असेल तर नऊ फूट सलग खणायचीही गरज नसते. अंडर-रीम्ड पाइल घ्या, म्हणजे खाली फुगा असलेले खांब. आपल्याकडच्या काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरच्या खाली ऋतूप्रमाणे होणारी हालचाल नगण्य होते, म्हणून तिथवर न्यायचे. वर प्लिंथ बीम (जोत्याची आडवी तुळई), आणि बीमच्या तळाशी मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नाही.

माझं मत: जोत्यापर्यंतचं काम मोजमापाने, म्हणजे जेवढं झालं तेवढ्याचे पैसे, आणि जोत्यावरचं फुटाच्या भावाने. जिथे दिसत नाही तिथे मोजा, जिथे दिसतं तिथे भाव ठरवा.

गिट्टी-रेती:
भिया, तुम्ही लोक पायातच अडकलात! मी सतरा वर्षांचा ठेकेदार आहे आणि फुटानेच घेतो. खरा पैसा जातो दिवसांत. आपली माणसं, म्हणजे मजूर, झाबुआ, धार, आलीराजपूरची. होळीच्या आधी भगोरियाला (आदिवासींच्या सणाच्या बाजाराला) गेली की रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) निघून गेली तरी साइटवर कोणी फिरकत नाही. सेंटरिंगचं (स्लॅबच्या साच्याचं) भाडं चालू, चौकीदाराचा पगार चालू. फुटाच्या भावात हा बोजा माझा, म्हणून मी स्लॅब भगोरियाच्या आधी उरकतो. ओळंबाभाऊंच्या पद्धतीत बोजा मालकाचा. मग घाई कोण करेल?

आणि एक. एकट्या राहत्या घराचा निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीतून सुटतो. मटेरियलसकट घेतला आणि ठेकेदार नोंदणीचा असला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. मालकाने माल स्वतः आणावा, आम्हाला लेबर रेट द्यावा, दोघंही सुखी.

स्लॅबखालचा:
अर्धंच सांगितलंत. मटेरियलसकट घेणाऱ्याला सिमेंट-सरियावर (लोखंडी सळ्यांवर) भरलेल्या कराची वजावट मिळते, मालकाला ती मिळत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटच २८ वरून १८ टक्क्यांवर आलंय. वाचतो तो मुख्यतः मजुरीवरचा आणि नफ्यावरचा कर.

ओसरी_हवी:
माल स्वतः आणावा म्हणे! आम्ही आणला. सिमरोलच्या पुढे सासऱ्यांची जमीन, घर बिलं दाखवून खर्चाप्रमाणेच बांधलं. ठेकेदार म्हणाला, पावसाळ्यात नर्मदेतली रेती काढणं बंद होतं, जूनच्या आधी भरून ठेवा. भरली. पहिल्या मोठ्या पावसात निम्मा ढीग ओढ्याला गेला. सिमेंटच्या चाळीस गोण्या ताडपत्रीखाली दगड झाल्या. बिलं सगळी खरी होती हो, एक पैसा खोटा नाही. पण ओढ्यात गेलेल्या रेतीवरसुद्धा त्याची टक्केवारी आम्ही भरली. सासरे आजही पाहुण्यांना ओसरी दाखवण्याआधी ओढा दाखवतात.

भांडण झालं तेव्हा कोणी म्हणालं रेराकडे, म्हणजे बिल्डरांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे, जा. स्वतःच्या जमिनीवर स्वतःसाठी बांधलेल्या घराचा रेराशी संबंध येत नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, २०१९च्या कायद्यात घरबांधणी 'सेवा' धरली आहे. आम्ही गेलो नाही. त्याच गावात राहायचं होतं आणि त्याचा चुलता सरपंच.

ओळंबा:
ताई, ओढ्याचं वाचून गप्प बसलो होतो. टक्केवारी मागे घेतो. माझी फी सुरुवातीलाच एक ठरलेली रक्कम, माल स्वस्त आणला काय, महाग आणला काय, तीच. जोत्यापर्यंत मोजमाप, हे इंजिनियरसाहेबांचं घेतलं. सिमेंट भिजलं तर माझ्या फीतून, कारण गोदाम मी करायला हवं. रेतीचं मात्र अजून पटत नाही. ढीग कुठे टाकायचा ती जागा मालक दाखवतो, आणि उरलेल्या जागेत त्याला सोयाबीन वाचवायचं असतं.

पण जोत्यावरही फुटाचा भाव नाही म्हणजे नाही. "दोन खोल्या" म्हणून आलेला माणूस, काम लिंटेलला (दारावरच्या पट्टीला) पोचेपर्यंत, देवघर आणि वर गच्चीचा जिना मागतोच.

गिट्टी-रेती:
मग गिऱ्हाईक माझ्याकडे येईल, आणि मी देवघराचे वेगळे लावीन. चला, सगळे खूष.

पेन्शनर६२:
ठरलेल्या फीचं मला पटतंय. चोरलजवळची जमीन आहे, डायव्हर्शनचं (शेतजमीन घरासाठी वापरायचं) कळवलंय, पटवारी (तलाठी) येऊन गेला. रविवारी जेसीबी बोलावतो. पण खड्ड्यांचे पैसे तुमच्या फीत धरायचे की वेगळे, तेवढं आधी सांगा.